नकाशाखालची सही

मे महिन्यातल्या एका सकाळी पूर्णिमा पटले ऑफिसचं कुलूप काढत होती, तेवढ्यात जिन्यावरून नाना खांबेटे खाली आले. चष्मा कपाळावर, हातात छापलेल्या कागदांची चळत.

"पटलेबाई, तुम्ही गुन्हेगार आहात," नानांनी जाहीर केलं. "म्हणजे अजून नाही, पण लवकरच व्हाल. आणि माझ्या जागेत व्हाल, म्हणून आधी कानावर घालावं म्हटलं."

पूर्णिमानं दार ढकललं. "आत या नाना. बसून सांगा. गुन्हेगाराकडचा चहा चालतो ना?"

"झालाय," असं म्हणत नाना आत येऊन बसले.

नाना म्हणजे श्रीनिवास खांबेटे, तिचे घरमालक. सदाशिव पेठेत खजिना विहिरीजवळ त्यांची छोटी इमारत होती. वर ते आणि मंदाकिनीकाकू राहायचे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या पूर्णिमाच्या नकाशांच्या कंपनीला दिलेल्या. नानांची सगळी नोकरी केंद्र सरकारच्या सर्वेक्षण खात्यात गेली होती. ईशान्येकडच्या डोंगरांत मोजणीयंत्राची तिपाई खांद्यावर टाकून ते हिंडले होते. त्यांच्या काळात नकाशे लोखंडी कपाटात असायचे आणि एक कागद बाहेर काढायचा तर वरिष्ठांची परवानगी लागायची. पूर्णिमा पहिल्यांदा जागा बघायला आली तेव्हा "नकाशे काढतो" एवढं ऐकून त्यांनी विचारलं होतं, "कुणाच्या परवानगीनं?" जागा दिली ती काकूंनी. नानांनी एवढंच म्हटलं, "आडनाव पटले आहे, पण मला हे काही पटलेलं नाही."

पूर्णिमा मूळची गोंदियाची. पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुण्यात आली. तेव्हा पुण्यात परदेशी गावांचे नकाशे कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम जोरात होतं. अमेरिकेतल्या एका गावातली प्रत्येक गल्ली, प्रत्येक कुंपण तिला पाठ झालं होतं, आणि कोथरूडला जायचं तर मात्र रिक्षावाल्याला विचारावं लागायचं. हे तिच्या मनाला लागलं. पुढं सरकारनं नकाशांचं धोरण थोडं सैल केलं तशी तिनं नोकरी सोडली, टोटल स्टेशन नावाचं एक मोजणीयंत्र घेतलं आणि पुण्यातल्याच जमिनी मोजायला लागली. आता तिच्याकडे सहा माणसं होती. ती मोजत होती त्या सोसायट्या, रस्ते, गटारं, ज्यांचं कुणाला कधी कौतुक वाटलं नाही अशा गोष्टी.

नानांनी कागद टेबलावर ठेवले. केंद्रीय गृहखात्यानं नव्या कायद्याचा मसुदा लोकांपुढं ठेवला होता. जमिनीची, रस्त्यांची, इमारतींची माहिती नकाशासाठी गोळा करायची, जवळ ठेवायची किंवा वापरायची तर सरकारचा परवाना हवा. परवान्याशिवाय केलं तर शंभर कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद.

"हा मसुदा आहे नाना. कायदा नाही."

"मूल पोटात आहे म्हणून पाळण्याची चौकशी करायची नाही, असं थोडंच असतं? आपला करार जूनमध्ये संपतोय. बेकायदा धंदा चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. परवान्याची सोय बघा, नाहीतर जागा बघा."

"परवाना देणारं कार्यालयच अजून जन्मलेलं नाही. आणू कुठून?"

"तो तुमचा प्रश्न," नाना उठले. "माझ्या मते कायदा योग्य आहे. नकाशा ही भेळ नाही, कुणीही गाडी लावावी आणि विकावी."

ते गेल्यावर भाग्यश्री, तिच्याकडची सगळ्यात जुनी सर्व्हेअर, हळूच म्हणाली, "मॅडम, सीरियस आहे का हे? घरचे काल विचारत होते, आयटीत बघ म्हणून."

"सीरियस आहेच," पूर्णिमा म्हणाली. "पण मसुद्यावर लोकांची मतं मागवलीत. मत मागितलं की द्यायचं असतं. तू बिबवेवाडीच्या फाइल्स उघड."

ती घाबरली नव्हती असं नाही. पण भीती वाटली की तिचं डोकं जास्त स्वच्छ चालायचं, ही तिची लहानपणापासूनची खोड होती.

दुपारी दुसरा धक्का बसला. बिबवेवाडीतल्या काही सोसायट्यांनी मिळून एक महासंघ केला होता. दर पावसाळ्यात तिथल्या तीन गल्ल्यांत पाणी तुंबायचं, पार्किंगमधल्या गाड्या बुडायच्या. पाणी येतं कुठून आणि अडतं कुठं, याचा नकाशा करून महापालिकेकडे जायचं ठरलं होतं. काम पूर्णिमाकडे होतं आणि जवळजवळ संपत आलं होतं. महासंघाचे अध्यक्ष उत्तरेश्वर वाघमोडे मूळचे बार्शीकडचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा फोन आला.

"मॅडम, काम थांबवा. टीव्हीवर दाखवलं काल. कमिटीतले लोक हादरलेत. नकाशा आमच्या नावावर, म्हणजे आम्हीपण आत. आमची हयात कारखान्यात गेली. गेटवर झडती देऊन आत जायचं, आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. अशा गोष्टीत आम्ही पडत नाही."

"वाघमोडेसाहेब, आज असा कुठलाही कायदा लागू नाही. आणि पाऊस काही मसुदा वाचून येत नाही."

"मला पटतंय हो. पण तुमचं ऐकून कमिटी हलणार नाही. तुमचा त्यात धंदा आहे, असं म्हणतील. एखाद्या सरकारी माणसानं येऊन सांगितलं, तर गोष्ट वेगळी. रविवारी सकाळी मीटिंग आहे."

फोन ठेवून पूर्णिमा उठली. सरळ जिना चढून वर गेली.

मंदाकिनीकाकू गच्चीवरून वाळलेल्या कुरडया आणून डब्यात भरत होत्या. नाना शब्दकोडं सोडवत होते.

"नाना, रविवारी माझ्याबरोबर बिबवेवाडीला याल का? तिथल्या लोकांना हा मसुदा समजावून सांगायचाय. सरकारी खात्यात काम केलेला माणूस हवाय."

नानांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मी तुमच्या विरोधात बोलेन."

"बोलाच की."

"कायदा हवा असं सांगेन. तुमचं काम जाईल."

"तुम्हाला जे खरं वाटतं तेच तुम्ही सांगाल, एवढं मला माहीत आहे. खोटं सांगणारा माणूस मी पुण्यात दुसरीकडे कुठंही शोधू शकते."

काकू खुदकन हसल्या. "जा हो. रविवारी नाहीतरी माझ्याशीच वाद घालत बसता. तिथं निदान श्रोते असतील."

मीटिंग एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पत्र्याचं छप्पर, त्यामुळं सकाळीच काहिली. भिंतीवर गेल्या वर्षीच्या पाण्याची तपकिरी रेघ माणसाच्या गुडघ्याइतकी दिसत होती. नाना बोलायला उभे राहिले आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला. नकाशा म्हणजे काय, तो शत्रूच्या हाती पडला तर काय होतं, सीमेवर माणसं कशी जिवावर उदार होऊन मोजणी करतात, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की वाघमोडे मान डोलवायला लागले. कायदा हवाच, नाना म्हणाले. उलट उशीर झालाय.

पूर्णिमा मागच्या रांगेत शांत बसून होती. भाग्यश्री तिच्या कानाशी लागली, "मॅडम, हे तर आपला निकाल लावतायत."

"थांब. अजून कुणी प्रश्न विचारलेला नाही."

प्रश्न विचारला कांताबाईंनी. तिसऱ्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान होतं, गेल्या वर्षी दोन मशिनी पाण्यात गेल्या होत्या. "साहेब, तुमचं सगळं बरोबर. पण हा कायदा आज हाय का?"

"नाही. आज नाही."

"मग आज नकाशा काढला तर गुन्हा?"

"आज नाही."

"आणि उद्या कायदा आला, तर आमच्या गटाराचा नकाशा काढायला दिल्लीला विचारायचं? ते उत्तर कधी देणार?"

पार्किंगमध्ये हशा पिकला. नाना हसले नाहीत. नोकरीत असताना दिल्लीहून उत्तर यायला किती वेळ लागायचा, हे त्या पार्किंगमध्ये त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"गटारात देशाचं गुपित नसतं," ते शेवटी म्हणाले. "मसुदा करणाऱ्यांनी गटार आणि छावणी यांत फरक केलेला नाही, हा त्यातला दोष आहे. मी ते मान्य करतो." मग त्यांनी मान वळवून पूर्णिमाकडे बघितलं. "पण या बाईंचा नकाशा बरोबर आहे की नाही, हे कोण सांगणार? परवाना नको म्हणता, मग चूक झाली तर कोणाला धरायचं?"

आता पूर्णिमा उठली. "तुम्हीच तपासा नाना. आत्ता. नकाशा माझ्याकडे आहे, गल्ल्या इथंच आहेत."

मीटिंग तशीच उठून रस्त्यावर आली. पुढं नाना टोपी घालून, हातात नकाशाची गुंडाळी, मागं वाघमोडे, कांताबाई आणि आणखी दहाबारा जण. पहिली गल्ली बरोबर निघाली. दुसरीही. नाना प्रत्येक चेंबरपाशी थांबत, चढउतार नजरेनं जोखत आणि काही न बोलता पुढं जात. न बोलणं हीच त्यांची शाबासकी, हे पूर्णिमाला एव्हाना कळलं होतं. तिची पावलं हलकी झाली.

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला रस्त्याखालून एक मोरी जात होती. गल्लीतलं पाणी त्या मोरीतून पलीकडच्या ओढ्यात पडतं, असं नकाशात दाखवलं होतं. नाना अलीकडच्या तोंडाशी वाकले, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या तोंडाशी गेले. परत अलीकडे आले.

"इकडे वरपर्यंत गाळ साचलाय. तिकडे खडखडीत कोरडं, कोळ्यांची जाळी आहेत. या मोरीतून बऱ्याच वर्षांत पाणी गेलेलं नाही." त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "ही मधली रेघ तुम्ही मोजलीत?"

पूर्णिमा नकाशावर वाकली. "नाही. मधल्या चेंबरवर सारखी गाडी उभी असायची, उघडता आलं नाही. ती रेघ मी महासंघाकडच्या जुन्या कागदावरून घेतली."

"मग ती तुटक का नाही काढली? न मोजलेली रेघ तुटक काढतात. पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतो आम्ही."

सगळे तिच्याकडे बघत होते. सबबी दोनतीन होत्या आणि त्यातली प्रत्येक खरी होती. तिनं एकही सांगितली नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "चेंबर उघडून मी ते पुन्हा मोजते. तोपर्यंत हा नकाशा कुणी वापरू नका."

नाना नकाशाचा खालचा कोपरा न्याहाळत होते. "इथं सही कुणाची आहे?"

"कंपनीचं नाव आहे ना."

"कंपनीला नाक नसतं बाई. नाक माणसाला असतं. कापलं गेलं तर ते माणसाचं जातं. आमच्या प्रत्येक कागदाखाली मोजणाऱ्याचं नाव असायचं. म्हणून आम्ही रात्री झोपण्याआधी आकडे पुन्हा तपासायचो."

त्या एका वाक्यानं पूर्णिमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घरी जातानाच्या रिक्षात ती नानांना म्हणाली, "तुम्हाला परवाना हवा तो नकाशाला की माणसाला?"

"म्हणजे?"

"डॉक्टर प्रत्येक पेशंटला औषध देण्याआधी दिल्लीला विचारतो का? त्याचं शिक्षण तपासतात, नोंदणी करतात, आणि चुकला तर त्याला धरतात. आपल्याला तसं काहीच नाही. कुणीही उठतो, यंत्र विकत घेतो आणि सर्व्हेअर होतो. कायदा करायचा तर तिथं करा. प्रत्येक नकाशाच्या पाठीमागं पोलीस लावण्यापेक्षा माणूस पारखून घ्या आणि त्याला सही करायला लावा."

स्वारगेटच्या सिग्नलला रिक्षा थांबली. नाना तिच्याकडे वळले.

"छावण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने नकाशातून वगळायचे," ते म्हणाले. "त्यात तडजोड नाही."

"त्यात मीही तडजोड करत नाही. खडकीकडचं काम आलं की कारखान्याचा भाग आम्ही कोराच ठेवतो."

"मग मसुद्यावर तसं मत लिहा. मी वाचतो."

दुसऱ्या दिवशी गाडीचा मालक सापडला, चेंबर उघडलं गेलं आणि खरा प्रकार कळला. एका दुकानाचा रॅम्प बांधताना कुणी तरी त्याचा पाया सरळ मोरीतच उतरवला होता. पूर्णिमानं तिन्ही गल्ल्या नव्यानं मोजल्या. जिथं जिथं दुसऱ्याच्या कागदावर विसंबली होती, तिथं स्वतः जाऊन झाकण उघडायला लावलं. नव्या नकाशाखाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली. सही करण्याआधी तिनं सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले.

वाघमोड्यांनी कमिटीपुढं नकाशा ठेवला तेव्हा कुणी कायद्याचं नावही काढलं नाही. "चूक सगळ्यांसमोर कबूल करणारी बाई आहे," ते म्हणाले, "कारखान्यात असं माणूस आम्ही तपासणीला बसवायचो."

मसुद्यावरचं मत मात्र लिहून होता होईना. रोज संध्याकाळी नाना खाली यायचे किंवा पूर्णिमा वर जायची. नाना तिचे शब्द खोडायचे, ती त्यांचे. "सरकारला नम्र विनंती" असं नानांनी घातलं की ती "नम्र" काढायची. एकदा तर आवाज इतके चढले की शेजारच्या दवाखान्यातला कंपाउंडर डोकावून गेला. काकूंनी पन्ह्याचे पेले दोघांच्या मधोमध ठेवले आणि म्हणाल्या, "देशाचं संरक्षण झालं असेल तर घसा ओला करा." शेवटी मुदत संपायच्या आत दोघांच्या नावानं मत गेलं. सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं आणि गोंदियाच्या एका व्यावसायिक बाईचं म्हणणं दिल्लीत कुणी वाचलं का, हे त्यांना कधीच कळलं नाही. देशभरातून मतांचा पाऊस पडला होता, एवढं पेपरांत आलं. तो मसुदा पुढं काही कायदा झाला नाही.

जूनमध्ये करार पुन्हा झाला. नानांनी बेकायदा धंद्याचं कलम होतं तसंच ठेवलं. "नियम तो नियम," म्हणाले.

महासंघानं नकाशा घेऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात ठाण मांडलं. रॅम्प फुटला, मोरी मोकळी झाली. त्या पावसाळ्यात पहिल्या आणि तिसऱ्या गल्लीत पाणी शिरलं नाही. दुसरीत शिरलं, कारण तिथला उतारच उलटा होता आणि त्यासाठी रस्ताच खणावा लागणार होता. पूर्णिमानं तसं नकाशात आधीच लिहून दिलं होतं, तरी दोन शिव्या तिच्या वाट्याला आल्याच. कांताबाईंनी मात्र तिला दोन ब्लाउज शिवून दिले आणि माप न घेता शिवलेले ते इतके चपखल बसले की पूर्णिमानं त्यांना कंपनीत नोकरी देऊ केली.

पुढं काही वर्षं गेली. भाग्यश्री आयटीत गेली नाही. एका आठवड्यापुरती मुलाखतींना जाऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, तिथं उन्हात उभं राहायला मिळत नाही." कंपनीत आता चौदा जण झाले आणि वरच्या मजल्यावरची एक खोली काकूंनी आणखी सोडून दिली. सन दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, तोंडावर मास्क लावायचे दिवस असताना, सरकारनं नकाशांबद्दलचे नवे नियम आणले. भारतीय कंपन्यांना आता आधी परवानगी मागायची गरज नव्हती. संवेदनशील जागांची बंधनं पाळायची आणि ती पाळल्याचं स्वतःच्या जबाबदारीवर लिहून द्यायचं.

नाना आता काठी घेऊन चालायचे. त्यांनी नियम दोनदा वाचले. "जरा जास्तच मोकळं सोडलंय," ते म्हणाले. "माणूस पारखायचं राहूनच गेलं."

"ते राहिलंय," पूर्णिमानं मान्य केलं. "त्यासाठी पुन्हा लिहू. पण आज मला निघायला हवं. मांजरी गावाच्या पुढं नवीन काम आहे, ऊन चढायच्या आत सुरू करायचंय."

मांजरीच्या पलीकडे, गावाच्या कडेला, रस्ता रुंद व्हायचा होता. भाग्यश्रीनं गाडीतून तिपाई उतरवली. समोरच्या घरातून यमुनाबाई नावाच्या आजी कमरेवर हात ठेवून बाहेर आल्या.

"काय मोजताय गं पोरींनो? परवानगी हाय का कुनाची?"

"सरकारची आता लागत नाही, आजी," पूर्णिमा म्हणाली. "पण तुमची लागेल. तुमच्या अंगणातून सगळा रस्ता दिसतो, तिथं तिपाई लावायचीय."

यमुनाबाईंनी आधी तिच्याकडे, मग यंत्राकडे नीट बघून घेतलं.

"लावा की," त्या म्हणाल्या. "पर तुळशीपास्नं लांब. आन् आदुगर पानी प्या, ऊन लई हाय."